पुण्यात भाड्याने टू बीएचके : ताबा घेण्याआधी काय बघायचं, करारात काय लिहून घ्यायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मे अखेरीस कोल्हापूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं आहे. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. ऑफिस बाणेरला. दोन फ्लॅट पक्के करण्याच्या टप्प्यावर आहेत, निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे.

पहिला वारज्यात. पंधरा वर्षं जुनी सोसायटी, सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेला बाल्कनी. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००, मेंटेनन्स भाड्यातच. मालक त्याच शहरात राहतात.

दुसरा बावधन बुद्रुकला. नवी इमारत, तिसरा मजला, भाडं तेवढंच, मेंटेनन्स वेगळा. मालक परदेशात आहेत, व्यवहार त्यांचे भाऊ बघतात.

प्रश्न असे:
१. अर्ध्या तासाच्या भेटीत घराची नीट तपासणी कशी करायची?
२. वारज्याचे मालक म्हणतात, ११ महिन्यांचाच करार आहे, नोटरी करून टाकू. चालेल का?
३. परदेशातल्या मालकाच्या घराबाबत काय काळजी घ्यायची?
४. डिपॉझिट परत मिळताना कटकट होऊ नये म्हणून आधीच काय करून ठेवायचं?

लाईट, गॅस, सामान हलवणं यांबद्दलही कोणी सांगितलं तर फार मदत होईल.

---

ओलपारखी

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. तुम्ही उन्हाळ्यात घर बघताय आणि नेमकी अडचण तीच आहे. एप्रिल-मेमध्ये भिंती कोरड्या असतात. गळतं घरसुद्धा तेव्हा चांगलं दिसतं. त्यामुळे ओल शोधायची नाही, ओलीच्या खुणा शोधायच्या.

वारज्याचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे आणि बाल्कनी पश्चिमेला. पुण्यात पावसाची झोड पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येते. त्या बाजूच्या खोल्यांत खिडकीच्या चौकटीचे खालचे दोन कोपरे, स्कर्टिंगच्या वरचा फूटभर भाग आणि छत-भिंतीचा सांधा बघा. रंगाला फुगे, पोपडे, बोट फिरवल्यावर पांढरी पूड हाताला लागणं, या सगळ्या पाणी मुरल्याच्या खुणा. पांढरी पूड म्हणजे प्लास्टरमधले क्षार. पाणी वाळलं की ते मागे राहतात. एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच तुकड्याला ताजा रंग दिसला तर तो कशासाठी दिला, हे सरळ विचारा. भिंतीतली कपाटं उघडून नाक आत घाला, कुबट वास रंगाने झाकत नाही.

वरचा मजला म्हणजे वर गच्ची. चावी मागून गच्चीवर जाऊन या. तुमच्या खोल्यांच्या बरोबर वर कोब्याला भेगा आहेत का, पाणी साचल्याचे काळे गोल डाग आहेत का, पाऊसपाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी माती-पानं अडकली आहेत का, ते बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीचं काम असतं. मालकाची इच्छा असली तरी ते लगेच होत नाही, सभेत खर्च मंजूर व्हावा लागतो. म्हणून शेवटचा चेंडू तुमच्या हातात असेपर्यंत, म्हणजे टोकन देण्याआधीच, हा प्रश्न काढा.

इमारतीला बाहेरून एक फेरी मारा. सांडपाण्याच्या पाइपांच्या सांध्यांपाशी हिरवे-काळे ओघळ किंवा भेगेत उगवलेला पिंपळ दिसला, तर त्या रेषेतल्या बाथरूमच्या मागच्या भिंती आतून नीट तपासा.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी जमिनीवर ओता. दोन-तीन मिनिटांत सगळं जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात तळं राहिलं तर उतार चुकला आहे. सासूबाई असताना निसरडी जमीन नको. छताकडेही बघा, वरच्या फ्लॅटची गळती तिथेच उतरते. शेवटच्या मजल्यावर हा प्रश्न नाही, बावधनला आहे. तिथे फॉल्स सीलिंग असेल तर तपासणीची झडप उघडून मोबाइलचा उजेड आत टाका.

पाण्याचा जोर मोजायला २० लिटरची बादली पुरते. दोन मिनिटांत भरली तर उत्तम. चार मिनिटांच्या वर गेली तर शॉवर, इन्स्टंट गिझर आणि वॉशिंग मशीन तिन्ही कुरकुर करणार. शेवटच्या मजल्यावर हे हमखास होतं, कारण टाकी फार तर तीनेक मीटर वर असते. पाण्याचा दाब दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार एवढाच मिळतो, म्हणजे नळाशी जेमतेम ०.३ बार. खालच्या मजल्यांना तीच टाकी भरपूर दाब देते. सोसायटीने प्रेशर पंप लावला असेल तर काळजी नाही, पण तो लाईट गेल्यावर बॅकअपवर चालतो का, तेही विचारा.

विजेचं बघायला तीन पिनी सॉकेट टेस्टर न्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गिझर आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटांना अर्थिंग आहे का, हे तो लगेच सांगतो. डीबी बॉक्समध्ये, म्हणजे मेन खटक्यांच्या पेटीत, आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा खटका) असेल तर त्यावरचं ‘टी’ बटण दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलून घ्या आणि ही अट ताब्याआधीची ठेवा. गिझरचा शॉक लागण्यापासून वाचवायला अर्थिंगबरोबर तो हवाच.

---

मुठाकाठ

ओलपारखींनी पाण्याचा जोर सांगितला, मी पाणी येतं कुठून ते सांगते. बावधनच्या घराचा निर्णय त्यावरच व्हायला हवा.

बावधन बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आलं, म्हाळुंगे, सूस, वाघोली वगैरे २३ गावांबरोबर. गाव महापालिकेत आलं म्हणजे नळाला भरपूर पाणी आलं, असं होत नाही. जलवाहिन्या आणि टाक्या व्हायला वर्षं लागतात. तोवर सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. एजंटला ‘पाणी कसं आहे’ विचारलंत तर उत्तर ‘चोवीस तास’ असं येणार. टाकी भरलेली असेपर्यंत ते खरंही असतं. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: महापालिकेचं कनेक्शन आहे का, दिवसाला किती वेळ येतं, मागच्या एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर आले आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वाटून घेतात. गेटवरच्या वॉचमनकडे टँकरची नोंदवही असते. मालकाकडून मागच्या मे महिन्याची मेंटेनन्सची पावती मागा, त्यात सगळं कळतं. तुमच्या बाबतीत मेंटेनन्स वेगळा आहे, म्हणजे उन्हाळ्यातला टँकरचा वाढीव आकडा थेट तुमच्या खिशातून जाणार.

बोअरचं पाणी असेल तर क्षारांचं बघा. शॉवरच्या भोकांवर आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा छोटा मीटर मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. हजाराच्या आसपास आकडा आला तर पिण्यासाठी आरओ लागेल. गिझरची कॉइल आणि मशीनचा ड्रम यांना वर्षभरात थर धरेल तो वेगळाच.

वारज्याला जुन्या हद्दीमुळे महापालिकेचं पाणी आहे. दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. तेवढ्याला सोसायटीची टाकी पुरते का, विचारा. उद्या पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, वाकडकडे घर बघायला गेलात तर लक्षात ठेवा, तिथे नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड आहे.

माझं मत विचाराल तर सहा वर्षांची मुलगी आणि वयस्कर बाई घरात असताना मी पाण्याला पहिलं स्थान देईन. बाणेरपर्यंतचं अंतर नंतर.

---

दस्तनोंदणी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, नोटरी चालणार नाही. ‘११ महिन्यांना नोंदणी लागत नाही’ हा समज देशभर आहे, पण महाराष्ट्रात तो लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा) प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे मालकांना शांतपणे सांगा. बहुतेकांना हे कलम त्यांच्याच हिताविरुद्ध जातं हे माहीत नसतं, कळलं की तयार होतात. मुदत संपल्यावर घर लवकर ताब्यात मिळण्याची कलम २४ ची सोयही त्यांना नोंदणीकृत करार हातात असेल तरच नीट वापरता येते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. तुमचा आकडा करून दाखवतो:

२४,००० × ११ = २,६४,०००
७५,००० वर १० टक्के, ११ महिन्यांचं = ६,८७५
बेरीज २,७०,८७५, त्याचे ०.२५ टक्के = साधारण ६७७ रुपये

पोर्टल ही रक्कम पूर्णांकात वर नेतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. दस्त हाताळणी शुल्क वेगळं आणि घरी येणाऱ्या एजंटची फी वेगळी.

आता बघा. ११ ऐवजी सलग २२ महिन्यांचा करार केला, दुसऱ्या ११ महिन्यांना ५ टक्के वाढ धरून (२५,२००), तर मुद्रांक शुल्क सुमारे १,३८७ आणि नोंदणी फी एकदाच १,०००. दोन वेगळे करार केले तरी शुल्क तेवढंच येतं, पण नोंदणी फी दोनदा आणि एजंटही दोनदा. मुलीची शाळा असताना २२ किंवा २४ महिन्यांचा करार सोयीचा. वाढ किती हे आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे अकराव्या महिन्यात ‘आता तीन हजार वाढवा’ हा विषय निघत नाही.

नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्ष, भाडं-डिपॉझिट आणि अटी भरायच्या, चलन ऑनलाइन भरायचं, मग आधारवर आधारित अंगठा आणि वेबकॅमवर फोटो. अंगठा उठत नसेल तर दुसऱ्या बोटाचा प्रयत्न करता येतो. चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली चूक, मसुदा न वाचता अंगठा देणं. नाव आधारप्रमाणे आहे का, फ्लॅट क्रमांक, इमारत, सर्व्हे क्रमांक, तारखा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, सगळं वाचा. नोंदणी झाल्यावर दुरुस्तीसाठी नवा दस्त करावा लागतो. दुसरी चूक याहून मोठी. एजंट अर्ज सबमिट झाल्याची प्रत देतो आणि लोक तोच करार समजतात. दुय्यम निबंधक तो तपासतात, त्रुटी असेल तर शेरा मारून परत पाठवतात. दस्त क्रमांक, निबंधकांची डिजिटल सही आणि इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) असलेली प्रत हातात आली तरच नोंदणी झाली. एजंटची शेवटची रक्कम त्या प्रतीनंतर द्या.

पोर्टलवर ठरावीक अटी आपोआप येतात, जास्तीच्या अटी स्वतंत्र रकान्यात लिहाव्या लागतात. तुम्ही एवढ्या लिहून घ्याच. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) असेल तर तो दोघांनाही सारखा बांधील असावा. मसुद्यांत बरेचदा तो फक्त भाडेकरूवर असतो आणि मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर घर मागू शकतो. पार्किंगचा क्रमांक लिहा, नुसतं ‘पार्किंगसह’ नको. मेंटेनन्स कोण भरणार, हेही. गळती, मुख्य वायरिंग, पाइप, गिझर बदलणं हा खर्च मालकाचा. बल्ब, नळाचा वायसर, घंटीचं बटण असली किरकोळ कामं तुमची. डिपॉझिट कधी परत, ते ‘ताबा देताना त्याच वेळी’ असं स्पष्ट हवं. ‘योग्य ती वजावट करून’ हे शब्द मोकळे सोडू नका, कोणती वजावट ते लिहा.

---

सोसायटीसचिव

थोडी भर. भाडेकरू ठेवायला सोसायटीची ‘परवानगी’ मिळवा असं कोणी म्हणालं तर लक्षात घ्या, आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) परवानगी नाही, सदस्याने सोसायटीला आधी फक्त कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून. हे काम मालकाचं आहे. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याने सोसायटी लावते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून तसं आहे, आणि ते सदस्याकडून घ्यायचं असतं. बावधनला मेंटेनन्स तुम्ही भरणार आहात, तर बिलात ही ओळ असेल. ती तुम्ही भरायची की मालकाने, आत्ताच ठरवा.

भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही आयुक्तालयं २०१८ पासून वेगळी आहेत आणि पश्चिमेकडच्या काही भागांत महापालिका एक, पोलीस हद्द दुसरी असं आहे. बावधनसाठी आधी पोलीस ठाणं कोणतं ते सोसायटीत विचारा, नाहीतर अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो. पोचपावतीचा पीडीएफ जपून ठेवा.

सामान आणण्याच्या वेळाही विचारून घ्या. बऱ्याच सोसायट्यांत रविवारी किंवा संध्याकाळी सामान चढवू देत नाहीत. लिफ्टसाठी वेगळे पैसे किंवा परत मिळणारी अनामत घेतात. ट्रक कोल्हापूरहून पहाटे निघून दुपारी गेटवर अडकला तर हमालांचा थांबण्याचा खर्च तुमच्यावर बसतो.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दस्तनोंदणी, तुमचा हिशोब वारज्याच्या मालकांना पाठवला, ते नोंदणीला तयार झाले. बावधनच्या मालकांबद्दल कोणी सांगेल का? त्यांचे भाऊ म्हणतात, भाडं आणि डिपॉझिट माझ्या खात्यावर टाका, सही मीच करतो.

---

दस्तनोंदणी

ताई, भावाने सही करायची असेल तर त्यांच्याकडे मालकाचं कुलमुखत्यारपत्र हवं. त्यात लिव्ह अँड लायसन्स करार करणं, नोंदणीसाठी हजर राहणं आणि भाडं-डिपॉझिट स्वीकारणं हे तिन्ही अधिकार शब्दांत दिलेले पाहिजेत. ‘मिळकतीची देखभाल’ एवढ्यावर भागत नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का) केलेलं असावं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं असावं. हे नसेल तर नोंदणीच्या वेळी अडतं, आणि तोवर तुम्ही टोकन देऊन बसलेले असता.

पैसे मालकाच्या स्वतःच्या भारतातल्या एनआरओ खात्यावर (अनिवासींचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) जावेत. कारण डिपॉझिट परत मागताना करारातला पक्ष आणि पैसे घेणारा एकच असला पाहिजे.

यापुढचा मुद्दा कित्येक एजंट सांगतच नाहीत. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असतील तर भाड्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) तुम्ही कापायचा आहे. निवासी मालकासाठी महिना ५०,००० च्या वरच्या भाड्यावर २ टक्के ही मर्यादा आहे, ती इथे लागू होत नाही. अनिवासी मालकाला दिलेल्या भाड्यावर रक्कम कितीही असली तरी ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. २४,००० वर महिन्याला ७,४८८ रुपये कापून सरकारजमा करायचे, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढायचा, तिमाही विवरण भरायचं. मालकाने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तर दर कमी होतो. कापला नाही तर वसुली आणि व्याज तुमच्यावर येतं. भाऊ ‘त्याची गरज नाही’ म्हणाले तर ते एखाद्या सीएकडून लेखी घ्या.

मालकी तपासायला मालकाचं खरेदीखताचं इंडेक्स-२, महापालिकेची मिळकतकर पावती आणि चालू लाईटबिल मागा. तिन्हींवर नाव एकच हवं. नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चवर इंडेक्स-२ स्वतः बघता येतं. ‘घर बघण्याआधी टोकन पाठवा’, ‘मी लष्करात आहे, बदली झाली, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील’ असले निरोप आले तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

घरभाडे भत्त्याची सूट जुन्या करप्रणालीत घेणार असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्याने मालकाचा पॅन लागेल. तो करारातच लिहून घ्या.

---

मीटरघर

लाईट आणि गॅसचं माझ्याकडून.

महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मालकाकडून घ्या आणि थकबाकी ॲपवर आधीच बघा. ताब्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, त्यात मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएच (युनिटचं) रीडिंग दोन्ही वाचता आले पाहिजेत. नुसतं रीडिंग पुरत नाही, कारण मीटरघरात फ्लॅटचे क्रमांक खडूने किंवा स्टिकरवर लिहिलेले असतात आणि ते उलटसुलट झालेले आढळतात. खात्री अशी करा: घरातला मेन खटका पाडा, एकाला खाली मीटरपाशी उभं करा. तुमच्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. दुसऱ्याचाच थांबला तर ताबा घेण्याआधी मालकाला महावितरणकडे दुरुस्ती अर्ज करायला सांगा. नाहीतर शेजाऱ्याच्या एसीचं बिल तुमच्या नावावर आणि तुमचं त्यांच्या.

एप्रिल-मेच्या सुमारास लाईटबिलाबरोबर अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ही ठेव मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा राहते, म्हणून ती मालकाने भरायची. करारात एक ओळ टाका. पुष्कळ भाडेकरू चालू बिल समजून भरून टाकतात.

गॅस. दोन्ही सोसायट्यांत पाइपगॅस आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर तुमची सिलिंडरवरची शेगडी तशीच जोडू नका. सिलिंडरच्या गॅसचा दाब आणि उष्मांक जास्त, म्हणून जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक बारीक असतं. पाइपगॅसला मोठं भोक लागतं. तशीच जोडली तर ज्योत मिणमिणती राहते. उलट, पाइपगॅसचे जेट असलेली शेगडी सिलिंडरला लावली तर पिवळ्या उंच ज्वाळा उठतात, ते धोक्याचं. जेट गॅस कंपनीच्या माणसाकडून बदला, जुने जेट पुडीत बांधून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून घ्या. मीटरचं रीडिंग इथेही टिपा, बिल दर महिन्याला येत नसल्याने मागच्या भाडेकरूचं वापरलेलं तुमच्यात मिसळू शकतं.

सिलिंडरच चालवायचा असेल तर कोल्हापूरच्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) घ्या, तिथली अनामत परत मिळते. पुण्यात ते व्हाउचर आणि नोंदणीकृत करार दाखवून चालू दराने अनामत भरायची. मधल्या दिवसांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. रबरी नळी नवीच घ्या, तारेच्या गुंफणीची सुरक्षा नळी पाच वर्षं चालते.

सामान हलवताना वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे) शोधून लावा. ते नसताना ड्रम रस्त्याभर आपटतो आणि सस्पेन्शन जातं. नव्या घरी मशीन पहिल्यांदा चालू करण्याआधी बोल्ट काढायला विसरू नका. फ्रिज उभाच न्या. आडवा करावा लागला तर उभा करून तीन-चार तास थांबूनच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्यावं लागतं.

---

ओलपारखी

चौथा प्रश्न राहिला होता. डिपॉझिटचे वाद तीन गोष्टींवरून होतात: रंग, भिंतीतली भोकं आणि आधीपासून असलेली मोडतोड.

रंगाचं असं करा. घर ताजं रंगवून मिळालं असेल तर सोडताना रंगाचा खर्च कापायचा की नाही आणि कापायचा तर किती, तो रुपयांत आकडा करारात लिहा. ‘एक महिन्याचं भाडं रंगासाठी’ ही अट बऱ्याच ठिकाणी घालतात. मुदत २२ महिने असेल तर ती कमी करून मागायला हरकत नाही, कारण एवढ्या काळात रंग वापरानेच उतरतो. घर न रंगवलेलं मिळत असेल तर ही अटच काढा.

भोकांसाठी मालकाला आधी विचारा, टीव्ही आणि पाळण्याचा हूक कुठे लावू. हो म्हणाले तर निरोपात लिहून ठेवा.

मोडतोडीसाठी ताब्याच्या दिवशी, सामान आत येण्यापूर्वी, रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत वरून खाली, प्रत्येक नळ चालू करून, प्रत्येक खटका दाबून, ओट्याच्या कडा, सिंकखालचा पाइप, खिडक्यांच्या जाळ्या आणि काचा. त्यातल्या दोषांची यादी करा: ‘बेडरूम २, खिडकीखाली रंग फुगलेला, साधारण एक फूट’, ‘सिंकच्या उजवीकडे ग्रॅनाइटला तडा, तीन इंच’. सोबत पंखे, ट्यूब, गिझर, पडद्याचे रॉड, चाव्यांची संख्या. ही यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनी, आणि त्याच दिवशी मालकाला मेल करा. मेलवर तारीख पडते, ती नंतर कामी येते. पहिल्या पावसात जे काही गळेल त्याचाही फोटो त्याच धाग्यावर पाठवा. वारज्याचं घर घेतलंत तर जूनचे पहिले दोन जोरदार पाऊस झाल्यावर पश्चिमेच्या भिंती आणि छत मुद्दाम तपासा. कळवलं नाही तर सोडताना तीच ओल ‘तुम्ही बाल्कनी धुतलीत म्हणून आली’ असं होतं.

सोडण्याच्या पंधरा दिवस आधी मालकाबरोबर यादी घेऊन एक फेरी मारा. जे दुरुस्त करायचं ते आपल्या माणसाकडून केलेलं स्वस्त पडतं. चावी आणि डिपॉझिट एकाच बैठकीत, रक्कम खात्यात दिसल्यावर ताबा पावतीवर सही.

---

पंचगंगाकाठ

पाइपगॅस वारज्यात आहे, बावधनला नाही. टीडीएसचं विचारल्यावर बावधनचे भाऊ गडबडले, मुखत्यारपत्रही साधंच आहे. त्यामुळे वारजे नक्की करतोय, पण गच्ची आणि बादली बघूनच टोकन देणार. शनिवारी सकाळी सात वाजता जायचं ठरवलं आहे. प्रेशर पंप बंद करून बादली भरायची की चालू ठेवून?

---

ओलपारखी

दोन्ही. आधी पंप चालू असताना भरा, मग वॉचमनला पाच मिनिटं बंद करायला सांगून परत भरा. सातची वेळ बरोबर आहे, तेव्हा सगळ्या घरांत नळ चालू असतात. दुसरा आकडा पाच-सहा मिनिटांवर गेला तर पंपाला जनरेटरचा बॅकअप आहे ना, एवढं सेक्रेटरींना विचारून मग टोकन द्या.